‘एकही शब्द बदलू नका’ म्हणणाऱ्या पाहुण्या लेखकाचं काय करायचं?

पत्र (थोडं छाटून देतेय):

“ताई, मी आणि माझा मित्र मिळून निसर्गावरचं एक छोटं ऑनलाइन मासिक चालवतो. पक्षी, कीटक, झाडं असं सगळं. आधी आम्हीच लिहायचो, मग दमलो आणि बाहेरच्यांचे लेख घ्यायला लागलो. आता लेख भरपूर येतात, पण डोक्याला तापही तेवढाच. एक ज्येष्ठ लेखक आहेत, नाव मोठं, वाचक त्यांना मानतात, पण लेखात ढोबळ चुका असतात आणि वर मेलमध्ये लिहितात, ‘एकही शब्द बदलू नका’. काही लेख वाचून वाटतं हे एआयनेच लिहिलंय, पण सिद्ध कसं करणार? शिवाय कंपन्यांचे मेल येतात, आमचा लेख छापा, आत एक लिंक असेल, पैसे देऊ. मित्र म्हणतो फार कडक झालो तर कोणी लिहिणारच नाही, लोक फुकट लिहितायत, आपण काय त्यांचे मास्तर आहोत का. मला वाटतं असंच चाललं तर वाचणारं कोणी उरणार नाही. नियम लावावेत का, आणि लावले तर माणसं न दुखावता कसे? — कात्री हातात, धीर नाही”

प्रिय कात्रीवाले,

तुम्ही तीन-चार वेगवेगळी दुखणी सांगितलीत, पण पत्र दोनदा वाचल्यावर मला त्यात एकच दिसतंय. तुमचं संपादन लेख हातात आल्यावर सुरू होतं. म्हणजे माणसाने चार रविवार घालवून दोन हजार शब्द लिहिले, फोटो जोडले, घरच्यांना सांगून टाकलं की छापून येणारे, आणि मग तुम्ही म्हणणार की बघतो, जमेल का ते. तिथे तुम्ही कितीही गोड बोललात तरी समोरचा दुखावणारच, आणि हे तुम्हालाही माहीत असल्यामुळे तुम्ही नको ते लेख पण छापून टाकता. बरोबर ना?

तर पहिलं काम, पूर्ण लेख मागवणं बंद. आधी फक्त पाच-सहा ओळी मागवा. कशावर लिहिणार, नवीन काय सांगणार, स्वतः काय पाहिलंय आणि कुठून वाचलंय, फोटो कोणाचे. बस. एवढ्यावर हो किंवा नाही म्हणणं दोघांनाही सोपं जातं, कारण अजून कोणाचाच जीव त्यात अडकलेला नसतो. आणि यातच निम्मे गळतात बघा, कारण ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नसतं त्याला त्या पाच ओळीच लिहिता येत नाहीत. ‘नाही’ म्हणायचं असेल तर आठवडाभराच्या आत म्हणा, आणि एका ओळीत कारण द्या. लेखकाला नकारापेक्षा जास्त राग कशाचा येत असेल तर तो तीन महिने काहीच उत्तर न येण्याचा, हे लिहिणाऱ्या कोणालाही विचारा.

तुमच्या मित्राचं म्हणणं अर्धं खरंय. फुकट लिहिणाऱ्यावर मास्तरकी करू नये, अगदी मान्य. पण वाचकही त्याचा वेळ फुकटच देतोय की! आणि दार सताड उघडं ठेवलं की काय होतं याचं मोठं उदाहरण आहे. हफिंग्टन पोस्ट ही अमेरिकेतली बातम्यांची वेबसाइट २००५ मध्ये सुरू झाली तेव्हापासून हजारो बाहेरच्या लोकांनी तिथे बिनपैशाने लिहिलं, पुढेपुढे तर त्यांना थेट स्वतःच लेख टाकता यायचे. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी अमेरिकेतला हा प्रकार बंद केला, आणि कारणांमध्ये खोट्या बातम्या आणि नुसता गलका हेही होतं. एवढ्या मोठ्या संस्थेला जे झेपलं नाही ते तुम्हा दोघांना झेपेल असं मला तरी वाटत नाही. मित्राला एवढंच सांगा की लेख कमी येतील, येऊ देत. महिन्याला आठ बरे लेख छापण्यापेक्षा तीन चांगले छापलेले बरे, आणि चांगलं लिहिणारी माणसं आपला लेख कोणाच्या शेजारी छापून येणार हे बघूनच येतात, ही गोष्ट संपादकांच्या फार उशिरा लक्षात येते.

आता ज्येष्ठांकडे वळू, कारण खरा काटा तिथेच रुततोय तुम्हाला.

‘एकही शब्द बदलू नका’ या वाक्यात एक रास्त भीती असते आणि एक अवास्तव अपेक्षा. भीती अशी की कोणीतरी पोरगेलेसं माणूस माझं वाक्य मोडून तिथे स्वतःचं वाक्य घालेल आणि खाली नाव मात्र माझं. ही भीती खोटी नाहीये, असले संपादक असतात, आणि लेखकाला त्याविरुद्ध हक्कही आहे. बर्न करारात, म्हणजे लेखकांच्या हक्कांबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात, १९२८ पासून हे कलमच आहे की लेखकाच्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड त्याच्या लेखनात करता येणार नाही. त्यामुळे न विचारता अर्थ बदलायचा नाही हे तुम्हीच आधी त्यांना सांगून टाका, अर्धा राग तिथेच उतरेल. अवास्तव अपेक्षा ही, की चूक असली तरी छापा. ते नाही होणार. लेखक लेख मागे घेऊ शकतो, तो त्याचा हक्क, पण आहे तस्सा छापायला लावणं हा कोणाचाच हक्क नाही.

यासाठी तुमच्या दोघांच्या डोक्यात कामाची वाटणी पक्की हवी. शुद्धलेखन, विरामचिन्हं, एकच नाव तीन प्रकारे लिहिलेलं, हे न विचारता दुरुस्त करायचं. वाक्यरचना बदललीत तर दाखवायची. वस्तुस्थितीबद्दल शंका असेल तर स्वतः दुरुस्त करायचीच नाही, लेखकाला विचारायचं आणि आधार मागायचा, कारण चूक तुमचीही असू शकते. मथळा संपादकाचा, हे मात्र आधीच सांगून ठेवायचं, सगळ्यात जास्त भांडणं मथळ्यावरून होतात. आणि छापण्याआधी शेवटची प्रत लेखकाला पाठवायची, अमुक दिवसांत उत्तर आलं नाही तर होकार समजू असं लिहून. हे सगळं मिळून एक पान होतं. ते पान साईटवर ठेवा आणि पाच ओळींना ‘हो’ म्हणतानाच्या मेलमध्ये जोडा. मग पुढे जे काही कराल ते त्या पानाप्रमाणे होतं, तुमच्या मर्जीप्रमाणे नाही, आणि माणसं मर्जीवर रागावतात तितकी नियमावर रागावत नाहीत.

चुका कशा दाखवायच्या? उदाहरण घेऊ, कारण निसर्गावरच्या लेखांत काही चुका अशा आहेत की त्या हटकून येतातच. मधमाश्यांवर लेख आला की त्यात आइन्स्टाइन येणार, “मधमाश्या संपल्या तर माणूस चार वर्षांत संपेल” म्हणून. हे वाक्य त्यांच्या लिखाणात कुठे सापडत नाही, आइन्स्टाइन गेले १९५५ मध्ये आणि वाक्य त्यांच्या नावावर फिरायला लागलं ते त्यानंतर. आणि मजकूरही पटण्यासारखा नाही, कारण गहू, भात, मका ही मुख्य धान्यं परागीभवनासाठी मधमाश्यांवर अवलंबून नसतात, ती वाऱ्यावर किंवा स्वपरागीभवनावर चालतात. आता हे लेखकाला “तुमचं चुकलंय” असं न कळवता असं कळवून बघा की सर, या वाक्याचा मूळ आधार आम्हाला मिळाला नाही, तुमच्याकडे असेल तर पाठवा, नाहीतर त्याऐवजी हे घेता येईल का, की जगातल्या प्रमुख अन्नपिकांपैकी साधारण तीन चतुर्थांश पिकांना कीटकांच्या किंवा इतर प्राण्यांच्या परागीभवनाचा कमी-जास्त फायदा होतो. लेख कमजोर झाला का? उलट ताकद आली. ॲमेझॉनच्या जंगलाचंही तेच, “जगाचा २० टक्के ऑक्सिजन तिथून येतो” असं प्रत्येक दुसऱ्या लेखात असतं, पण ते जंगल बनवतं तो जवळजवळ सगळा ऑक्सिजन तिथल्याच झाडांच्या, प्राण्यांच्या श्वसनात आणि कुजण्यात वापरला जातो, निव्वळ शिल्लक शून्याच्या आसपास. जंगल वाचवायची कारणं इतकी आहेत, की त्यासाठी चुकीचं कारण द्यायची गरजच नाही, हे वाक्य तुम्ही त्यांना खुशाल माझ्या नावावर ऐकवा.

ज्येष्ठांना मेल करू नका, फोन करा. मेलमध्ये शंकांची यादी बघितली की माणसाला परीक्षेचा पेपर तपासून आल्यासारखं वाटतं. फोनवर आधी लेखातली जी जागा खरंच आवडली ती सांगा, नुसतं “छान आहे” नको, नेमकी जागा, आणि मग म्हणा की चार-पाच ठिकाणी आधार हवाय, वाचक हल्ली आम्हाला विचारतात. शंका मग मेलवर पाठवा. याला तयार झाले तर उत्तम. नाही झाले तर लेख परत, आदराने, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायचं. वाचक त्यांना मानतात म्हणूनच तर हे जास्त जरुरीचं, नवख्या पोराची चूक चार जण वाचून सोडून देतात, मोठ्या नावाची चूक लोक पाठ करतात आणि पुढे ढकलतात.

एआयबद्दल. ओळखणाऱ्या टूलच्या नादी लागू नका प्लीज. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःच असं एक टूल काढलं होतं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैमध्ये बंद केलं. ज्यांनी मशीन बनवलं त्यांना जे जमलं नाही ते कुठल्यातरी फुकटच्या साईटला जमतंय यावर विश्वास ठेवून एखाद्या खऱ्या माणसाला खोटं ठरवलंत तर तो आयुष्यात तुमच्याकडे फिरकणार नाही, आणि बरोबरच करेल. तुमचा प्रश्न ‘हे कोणी लिहिलं’ हा नसावाच, ‘हे खरंय का आणि हे तुम्ही पाहिलंत का’ हा असावा. निसर्गलेखनात तर हे तपासणं सोपं आहे. कधी पाहिलं, दिवसा की रात्री, सोबत कोण होतं, वहीत काय नोंद केली होती, फोटोची मूळ फाईल पाठवा. मूळ फाईलमध्ये तारीख-वेळ बहुतेक वेळा असते. ज्याने खरंच पहाटे थंडीत बसून घुबड पाहिलंय तो या प्रश्नांनी खूश होतो, बोलायचा थांबत नाही! ज्याने नाही पाहिलं तो दोन मेलनंतर गप्प होतो. तुम्हाला आरोप करायची वेळच येत नाही.

आणि लेखात पुस्तकांची, शोधनिबंधांची नावं असतील तर ती प्रत्येक उघडून बघा, ती खरंच आहेत का. मे २०२५ मध्ये शिकागो सन-टाइम्स या अमेरिकी वर्तमानपत्राच्या एका पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची यादी आली होती, लेखकांची नावं खरी, पण त्यातली १० पुस्तकं कोणी कधी लिहिलेलीच नव्हती. मजकूर बाहेरून घेतलेला, लिहिणाऱ्याने एआय वापरलेलं आणि मधे कोणी बघितलंच नाही. एक नाव शोधायला मिनिट लागतं हो. भाषा सुधारायला किंवा टंकलेखनाला एआय वापरलं तर चालेल का हे तुम्ही दोघांनी ठरवा, माझ्या मते चालावं, पण सांगून, आणि निरीक्षण मात्र माणसाचंच हवं.

पैसे देणाऱ्या कंपन्या. इथे मी फार वेळ घालवणार नाही. त्यांना तुमचे वाचक नकोयत, तुमच्या साईटवरची लिंक हवीये, म्हणजे गूगलमध्ये त्यांचं पान वर येईल. गूगलच्या नियमांत अशी विकत घेतलेली लिंक स्पॅममध्ये मोडते, पैसे घेतले असतील तर लिंकला ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘नोफॉलो’ अशी खूण लावावी लागते (म्हणजे ही लिंक पैशाची आहे, तिला मान देऊ नको, असं गूगलला सांगणारी खूण), आणि २०२४ मध्ये तर त्यांनी दुसऱ्याच्या साईटच्या नावलौकिकावर स्वतःचा मजकूर चढवणाऱ्या प्रकारासाठी वेगळा नियमच केला. पकडलं गेलं तर गूगल तुमच्याच साईटला खाली ढकलतं. कंपन्यांना म्हणून बघा की लेखावर मोठ्या अक्षरात ‘प्रायोजित’ लिहू आणि लिंकला खूण लावू. बहुतेक जण तिथेच गायब होतात. जो थांबेल त्याच्याशी पुढे बोला, जाहिरात घेणं पाप नाही, लपवणं वाईट. खर्च निघायला हवा हे मला कळतं.

एका गोष्टीचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही पण निसर्गावरचं मासिक म्हटल्यावर मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. लेखात जागेचं नाव किती नेमकं द्यायचं? पाहुणा लेखक उत्साहात असतो, दुर्मिळ काही दिसलं की ओढ्याचं नाव, झाडाचं वर्णन, कुठून वळायचं ते सगळं लिहितो, आणि वाचणाऱ्यांत सगळेच तुमच्यासारखे नसतात. दक्षिण चीनमधल्या एका पालीचं, गोनियुरोसॉरस लुई तिचं नाव, शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं. लगेच पाळीव प्राण्यांच्या बाजारात तिला किंमत आली आणि काही वर्षांत पकडणाऱ्यांनी ती जिथे पहिल्यांदा सापडली होती तिथून पार संपवली. पालीचं घर कुठे आहे हे छापणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साईटवर संकटग्रस्त जातीची नोंद केली तर नेमकी जागा आपोआप झाकली जाते, साधारण वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी ठिपका दिसतो. तुम्हीही तेवढंच ढोबळ ठेवा, फार तर जिल्हा. घरट्याचे जवळून काढलेले फोटोही घेऊ नका, कितीही सुंदर असले तरी, कारण एक छापलात की पुढचे दहा जण तसाच फोटो काढायला घरट्यापाशी जातात. फोटोच्या फाईलमध्ये बऱ्याचदा जागेचे आकडे दडलेले असतात, ते साईटवर चढवण्याआधी काढून टाका, हे तर कोणी सांगतच नाही. आणि हा नियम ज्येष्ठ-कनिष्ठ सगळ्यांना सारखा, इथे फोन नाही, चर्चा नाही.

राहिलं किरकोळ. लेखाचा हक्क लेखकाकडेच राहू द्या, तुम्हाला छापण्याची आणि साईटवर ठेवण्याची परवानगी पुरते, आणि किती महिन्यांनी त्याने तो दुसरीकडे द्यावा ते त्या एका पानात लिहा. मानधन देत नसाल तर तेही तिथेच स्पष्ट लिहा, गोलमोल नको. फोटो लेखकाचा नसेल तर ज्याचा आहे त्याची लेखी परवानगी, गूगलवर सापडला म्हणजे फुकट नसतो. छापल्यानंतर चूक कळली तर गुपचूप बदलू नका, लेखाखाली तारीख टाकून काय बदललं ते लिहा, वाचक याला हसत नाहीत, उलट त्यांचा भरवसा बसतो. आणि तुम्हा दोघांपैकी कोणत्या लेखावर शेवटचा शब्द कोणाचा हे लेख स्वीकारतानाच ठरवा, दुसऱ्याने वाचून मत द्यायचं पण ओढाताण करायची नाही. मित्राला आवडत असेल तर नवीन लेखकांशी बोलायचं काम त्याच्याकडे द्या, त्याला माणसं तुटायची भीती वाटते म्हणजे माणसं जोडणं त्याला जमत असणार, आणि शंका काढायचं तुमच्याकडे.

जुन्या लेखांचं काय, असं तुम्ही पुढच्या पत्रात विचारणारच. सगळे परत तपासायला बसलात तर नवीन काही निघणारच नाही. जे सगळ्यात जास्त वाचले जातात तेवढेच आधी घ्या, बाकीचे कोणी चूक कळवली की. फक्त ज्या लेखांत घरट्यांची किंवा दुर्मिळ जातींची नेमकी ठिकाणं आहेत ते आजच उघडा आणि तेवढा मजकूर काढून खाली तशी नोंद करा, लेखकांना नंतर कळवलंत तरी चालेल, त्या एका पानाचा मसुदा पुढच्या आठवड्यात करा.

— ताई